यादीत आहे, पण मिळणार नाही

मागच्या उन्हाळ्यात माझा मेव्हणा नाशिकहून आमच्याकडे दीड महिना राहायला आला होता. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, बायकोच्या यादीतले सगळे मॉल झाले. मग एका शनिवारी सकाळी चहा घेता घेता म्हणाला, "दाजी, तुमच्याकडे तो परवाना आहे ना? एकदा बंदुकीचं दुकान तरी दाखवा. इथं म्हणे कोथिंबीर आणायला जावं तसं जाऊन पिस्तूल आणता येतं."

मी बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. कागदी निशाणावर नेम धरायचा नाद आहे, जवळच्या क्लबचा सभासद आहे, परवाना आहे. त्यामुळे नाही म्हणायला कारण नव्हतं. गेलो.

दुकान सराफाच्या दुकानासारखं. लांबलचक काचेचं कपाट, आत हिरव्या कापडावर ओळीनं मांडलेली पिस्तुलं, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली किमतीची चिठ्ठी. मेव्हण्याची नजर एका काळ्या, चौकोनी ठोकळ्यासारख्या पिस्तुलावर गेली. ग्लॉक. सिनेमात बघून त्याला ते ओळखीचं होतं. चिठ्ठीवर किंमत होती आणि खाली लाल शाईत लिहिलं होतं: फक्त पोलिसांसाठी. बाजूलाच एका फायलीत राज्य सरकारची मंजूर हँडगनची, म्हणजे पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरची, यादी छापून ठेवलेली. मेव्हणा बँकेत नोकरीला, कागद दिसला की वाचणारच. पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "हे बघा, ग्लॉक. मंजूर आहे. मग विकत का नाहीत?"

मी दुकानदाराला विचारलं. तो बहुधा दिवसातून दहादा हेच सांगत असावा. म्हणाला, "यादीत आहे. पण तुम्हाला विकता येत नाही."

मेव्हण्याला वाटलं, आपल्याला त्याचं इंग्रजी नीट कळलं नाही. कळलं होतं, बरोबर कळलं होतं.

हा घोळ समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते, ती म्हणजे "अमेरिकेचा बंदूक कायदा" असा काही एकच कायदा आहे ही समजूत. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा एक आहे, तो कोल्हापुरातही तोच आणि कोलकात्यातही तोच. इथं देशाचा कायदा हा फक्त पाया. त्यावर प्रत्येक राज्य आपापला मजला चढवतं. काही राज्यांनी नुसता पत्रा टाकलाय, काहींनी सात मजली वाडा बांधलाय. मॅसॅच्युसेट्सचा वाडा आहे, आणि त्यात असे जिने आहेत की चढून गेल्यावर समोर भिंत लागते.

देशाच्या कायद्यातलं आपल्यापुरतं महत्त्वाचं तेवढं सांगतो. दुकानदाराकडे केंद्राचा परवाना लागतो. गिऱ्हाईक एक फॉर्म भरतं, त्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी होते. आणि १९६८ च्या कायद्यानुसार हँडगन आपल्या राहत्या राज्याबाहेरच्या दुकानातून हातोहात घेता येत नाही. त्या दुकानाला ती आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानाकडे पाठवावी लागते. म्हणजे उत्तरेला तासाभरावर न्यू हॅम्पशरची हद्द आहे, तिथल्या दुकानात तेच ग्लॉक तिथल्या रहिवाशाला मिळतं, पण माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मॅसॅच्युसेट्सचा पत्ता दिसला की तो दुकानदार हात जोडतो. लोक गाडी काढून तिकडून दारू आणतात, कारण तिकडे ती स्वस्त पडते. पिस्तुलाच्या बाबतीत ती सोय नाही.

आता राज्याचा मजला. इथं आधी परवाना काढावा लागतो. तो गावाचा पोलीस प्रमुख देतो. सुरक्षिततेचा कोर्स, बोटांचे ठसे, शंभर डॉलर फी, सहा वर्षांची मुदत, वय किमान २१. माझा परवाना यायला कायद्यात लिहिलेल्या ४० दिवसांपेक्षा बरेच जास्त दिवस लागले, पण आला. हा भाग कटकटीचा असला तरी गोंधळाचा नाही. काय हवं ते कागदावर लिहिलेलं असतं आणि माणूस ते करतो.

गोंधळ पुढे आहे. परवाना हा माणसाचा. पण दुकानात विकायच्या हँडगनलाही परीक्षा द्यावी लागते. तीसुद्धा एक नाही, दोन. आणि दोन्ही परीक्षा घेणारी खाती वेगळी.

पहिली परीक्षा १९९८ च्या कायद्यातली. स्वस्त झिंकच्या मिश्रधातूची, कधीही दगा देणारी पिस्तुलं तेव्हा बाजारात फार झाली होती. म्हणून कायद्यानं चाचण्या ठरवल्या. एकाच मॉडेलच्या पाच हँडगन प्रयोगशाळेत जातात. प्रत्येकीतून ६०० गोळ्या झाडायच्या. मग एक मीटर उंचीवरून काँक्रीटच्या लादीवर टाकायची: सरळ, उलटी, मुठीवर, नळीच्या तोंडावर, दोन्ही कुशींवर. कुठल्याही वेळी आपोआप बार उडता कामा नये. धातू फार कमी तापमानाला वितळणारा नसावा. या सगळ्यातून जी पार पडते तिचं नाव राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं आपल्या यादीत छापतं. मेव्हण्यानं बोट ठेवलं ती ही यादी. ग्लॉक पडूनझडून, ६०० गोळ्या झाडून त्यात आलेलं आहे. त्याच्या दणकटपणाबद्दल कुणालाच शंका नाही. निम्म्या अमेरिकेचे पोलीस तेच कमरेला लावतात.

दुसरी परीक्षा ऍटर्नी जनरलची. हे पद म्हणजे आपल्याकडच्या महाधिवक्त्यासारखं नेमलेलं नसतं. दर चार वर्षांनी मतं मागून निवडून यावं लागतं, आणि पुढे पुष्कळांना गव्हर्नर व्हायचं असतं. १९९७ मध्ये स्कॉट हार्शबार्गर या पदावर होते. बंदुकांचे नवे कायदे विधिमंडळातून काढून घेणं किती कठीण आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांनी वेगळाच दरवाजा शोधला. राज्यात ग्राहक संरक्षणाचा एक जुना कायदा आहे, प्रकरण ९३-अ. दुकानदारानं फसवू नये, धोकादायक माल गळ्यात मारू नये, यासाठीचा. त्या कायद्याखाली नियम करायचा अधिकार ऍटर्नी जनरलला असतो. हार्शबार्गर यांचं म्हणणं असं: प्रेशर कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर तो विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, मग पिस्तुलाला वेगळा न्याय का? त्यांनी हँडगन विक्रीचे नियम काढले. बंदूक उद्योगानं कोर्टात धाव घेतली. १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ऍटर्नी जनरलला हा अधिकार आहे. पुढच्या वर्षी, एप्रिल २००० पासून, त्यांच्या जागी आलेल्या थॉमस रायली यांनी नियम प्रत्यक्ष लागू केले.

मला ही युक्ती म्हणून दाद द्यावीशी वाटते. पुढे २००८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं हेलर खटल्यात घरात हँडगन बाळगणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हाही त्याच निकालात म्हटलं की शस्त्रांच्या व्यापारी विक्रीवरच्या अटी सकृद्दर्शनी वैध धरल्या जातील. म्हणजे बाळगण्यावर बंदी आणाल तर कोर्ट तलवार उपसेल, विक्रीवर अटी घालाल तर आधी ऐकून घेईल. मॅसॅच्युसेट्सनं दहा वर्षं आधीच नेमकी विक्रीची बाजू धरली होती.

पण याच युक्तीत पुढच्या सगळ्या गोंधळाची मेख आहे. नियम विकणाऱ्याला बांधतो. वस्तूला बांधत नाही, मालकालाही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नियमांत आहे तरी काय? अनुक्रमांक खोडता न येण्यासारखा हवा, कच्चा धातू नको, हे पहिल्या परीक्षेशी जुळणारं. नळी तीन इंचांपेक्षा आखूड असेल तर नेमाच्या मर्यादेची माहिती गिऱ्हाइकाला लेखी द्यायची, हेही ठीक. खरं दुखणं दोन अटींचं आहे.

पहिली अट: पाच वर्षांच्या सर्वसाधारण मुलाला हँडगन चालवता येऊ नये अशी काही रचना हवी. म्हणजे चाप ओढायला निदान दहा पौंड, साधारण साडेचार किलो, जोर लागावा. किंवा मुठीची ठेवण अशी असावी की लहान हात पोचणार नाही. किंवा बार उडण्याआधी एकापेक्षा जास्त क्रिया कराव्या लागाव्यात. ग्लॉकचा चाप कारखान्यातून येतो साडेपाच पौंडांचा.

दुसरी अट मॅगझिनच्या पिस्तुलांसाठी, आणि ती जरा समजावून घ्यावी लागते. पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. त्यातली एक वर सरकून नळीच्या मागच्या खोबणीत, चेंबरमध्ये, बसलेली असते. अननुभवी माणूस मॅगझिन काढतो आणि समजतो, झालं रिकामं. चेंबरमधली गोळी तशीच असते. अपघात पुष्कळदा असेच होतात: "मला वाटलं रिकामं आहे." म्हणून नियम म्हणतो, दोहोंपैकी एक हवं. मॅगझिन काढलं की बार उडणारच नाही अशी कळ, किंवा चेंबरमध्ये गोळी आहे हे स्पष्टपणे दाखवणारी खूण.

"स्पष्टपणे". सगळं घोडं या शब्दाशी अडलंय.

त्या दुकानदारानं मला दोन पिस्तुलं काउंटरवर काढून दाखवली. आधी रुगर कंपनीचं एक जुनं मॉडेल. त्याच्या वरच्या अंगाला लांबट पट्टी आहे. आत गोळी असली की ती पट्टी उभी राहते, दोन्ही बाजूंना लाल रंग दिसतो, आणि तिच्यावर शब्दांत लिहिलंय की मी वर असेन तेव्हा आत गोळी आहे. न्हाव्याच्या दुकानातल्या पाटीसारखं, चुकणार नाही. मग ग्लॉक. त्यानं पोलादी सरकपट्टीच्या बाजूला, गोळीचं टरफल बाहेर ओढणाऱ्या छोट्या आकड्यावर माझं बोट ठेवलं. आत नकली गोळी सरकवली. "आता?" आकडा किंचित वर आला होता. नखाच्या जाडीइतकाही नसेल. बोटाला जाणवला, कारण जाणवायचाय हे मला ठाऊक होतं. डोळ्यांना मला काहीच फरक दिसला नाही. चष्मा लावूनही.

ग्लॉक कंपनीचं म्हणणं, ही आमची खूण. ऍटर्नी जनरलच्या कार्यालयाचं म्हणणं, ही खूण नव्हे. दोघांच्या भांडणात दुकानदार सापडला, आणि मेव्हण्याला चिठ्ठीवर लाल शाई दिसली.

बरं, मग कुठलं पिस्तूल नियमात बसतं त्याची यादी ऍटर्नी जनरल देतात का? नाही. सुरक्षा खात्याची यादी आहे आणि तिच्यावरच सूचना आहे की यात नाव आहे म्हणजे ऍटर्नी जनरलच्या नियमांतही बसतं असं समजू नका. ऍटर्नी जनरलकडे नियम आहेत, पण यादी नाही. प्रत्येक दुकानदारानं नियम वाचावेत, पिस्तूल हातात घ्यावं आणि आपणच ठरवावं. चुकला तर एकेका उल्लंघनाला पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. परीक्षा आहे, नापासांना शिक्षा आहे, अभ्यासक्रम मोघम आहे आणि निकाल लागतो तो फक्त कुणावर खटला झाला तर.

यावर अर्थातच खटला झाला. काही ग्राहक, दुकानदार आणि बंदूक हक्कांसाठी लढणारी सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन ही संस्था यांनी मिळून केला. ग्लॉकच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीची पिस्तुलं त्यात होती. मुद्दा असा की "स्पष्टपणे" म्हणजे किती स्पष्ट हे सांगितलेलंच नाही, तर दुकानदारानं वागायचं कसं? ऍटर्नी जनरल होत्या मॉरा हीली. २०१६ मध्ये फेडरल अपील कोर्टानं निकाल दिला, आणि तो लिहिला डेव्हिड सूटर यांनी. देशाच्या सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर ते त्या कोर्टात अधूनमधून बसत. त्यांनी सांगितलं, नियमातले शब्द साध्या भाषेतले आहेत, साध्या माणसाला कळतात, नियम मोघम ठरत नाही. दुकानदार हरले.

मी सूटर यांच्याशी निम्मा सहमत आहे. ग्लॉकच्या त्या आकड्याला "स्पष्ट" म्हणणं म्हणजे अमावास्येला चंद्र आहे पण दिसत नाही म्हणण्यासारखं आहे. त्या एका पिस्तुलापुरता निकाल मला पटतो. पण रुगरची लाल पाटी आणि ग्लॉकचा आकडा या दोन टोकांच्या मध्ये पाचपन्नास मॉडेलं आहेत. कुणाला चेंबरमागे बारीक भोक आहे, त्यातून पितळ चमकतं. कुणाला टाचणीच्या डोक्याएवढी कळ. त्यांचं काय, हे आजही एका दुकानात एक उत्तर आणि दहा मैलांवरच्या दुकानात दुसरं. एक दुकानदार भित्रा, दुसरा धीट, एवढाच फरक. व्यवहारात नियम म्हणजे शेवटी त्या दुकानाच्या वकिलाचं मत.

मालकांवर याचा काय परिणाम होतो, ते बघण्यासारखं आहे.

मॅसॅच्युसेट्समध्येच स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. १७९४ ते १९६८ तिथं देशाचा शस्त्र कारखाना होता. स्मिथ अँड वेसन कंपनीही पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावची. २०२३ मध्ये मुख्यालय टेनेसीला हललं, पण काही उत्पादन अजून तिथंच होतं. या कंपनीनं आपल्याच राज्यासाठी पिस्तुलांची वेगळी आवृत्ती काढली: दहा पौंडांच्या चापाची. इतर राज्यांसाठी हलका चाप, घरच्यांसाठी जड. माझ्याकडे ते आहे. पहिल्या दिवशी क्लबवर गेलो तेव्हा सगळ्या गोळ्या निशाणाच्या डावीकडे खाली. चाप ओढता ओढता मूठच वळायची. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी कित्येक वर्षं बारा पौंडांचे चाप वापरले, चुकून बार उडू नये म्हणून. नेम चुकतो ही तक्रार त्यांच्याबद्दलही होती. जड चाप ही दोन्हीकडची गोष्ट आहे: लहान मुलाच्या बोटाला अडवतो, मोठ्याच्या नेमालाही.

आता मघाचं वाक्य आठवा. नियम विक्रेत्याला बांधतो. विक्री झाली, पिस्तूल माझं झालं, की चापाची स्प्रिंग बदलायला हा नियम मला मना करत नाही. त्यामुळे क्लबवर निम्म्या लोकांनी जड चापाचं पिस्तूल घेऊन पहिल्याच महिन्यात हलकी स्प्रिंग बसवलेली असते. पाच वर्षांच्या मुलासाठी केलेली सोय दुकानाच्या दारापर्यंत टिकते. मी बदललेली नाही. आळस, दुसरं काय. आता हात बसलाय.

रिव्हॉल्व्हरवाले मात्र निवांत. त्यात मॅगझिनच नाही, त्यामुळे खुणेची अट लागूच होत नाही, आणि चाप मुळातच जड असतो. नव्या माणसाला दुकानदार रिव्हॉल्व्हर दाखवतात त्यात हेही एक कारण आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही.

मग इथल्या लोकांकडे ग्लॉक नाहीतच का? भरपूर आहेत. टेक्ससमधून नोकरीसाठी इथं राहायला आलेला माणूस आपलं ग्लॉक बरोबर आणतो, साठ दिवसांच्या आत परवान्याची व्यवस्था करतो, झालं. तो घरी ठेवतो, क्लबवर आणतो, काही बेकायदा नाही. २१ ऑक्टोबर १९९८ पर्यंत राज्यात परवान्यावर असलेल्या हँडगनना यादीतून सूट आहे. पोलिसांना विक्रीच्या नियमांतूनच सूट आहे. आणि नियम दुकानदारांसाठी असल्यामुळे एका परवानाधारकानं दुसऱ्याला, राज्याकडे नोंद करून, वर्षाला ठरावीक संख्येपर्यंत खासगीत विकणं वर्षानुवर्षं चालत आलंय. अशा जुन्या ग्लॉकला इथं दुकानातल्या नव्यापेक्षा चढी किंमत येते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस बाहेरच्या राज्यात सर्रास मिळणारं पिस्तूल जुन्या मोटारीसारखं शोधत बसला होता. मिळालं तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते.

म्हणजे एकाच गल्लीत, एकाच परवान्याच्या दोन माणसांपैकी एकाला तीच वस्तू बाळगता येते आणि दुसऱ्याला दुकानातून घेता येत नाही. फरक फक्त कुठून आलात आणि कधी आलात याचा. पोलिसांचं ग्लॉक माझ्यापेक्षा सुरक्षित कसं, हेही मला कुणी समजावलेलं नाही. पोलिसाच्या घरातही पाच वर्षांचं मूल असू शकतं.

याच्या उलट उदाहरण याच राज्यात आहे. घरात बंदूक ठेवायची तर कुलूपबंद पेटीत, नाहीतर चापाला कुलूप लावून. अंगावर किंवा ताब्यात असेल तेवढाच वेळ मोकळी. हा कायदा दुकानातल्या मुलाला, क्लबवरच्या आजोबाला, मला, सगळ्यांना तोंडपाठ आहे. कारण तो एका ओळीत सांगता येतो आणि पिस्तूल टेक्ससहून आलं की स्प्रिंगफील्डहून, त्याला फरक पडत नाही. बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण या राज्यात देशातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे. त्यातला किती वाटा कुलपाचा, किती परवान्याचा आणि किती त्या लाल पाटीचा, हे वेगळं काढता येत नाही. मला विचाराल तर मी कुलपाच्या बाजूनं मत देईन.

कॅलिफोर्नियातही यादीच आहे, पण तिचं दुखणं उलटं. तिथं एकच यादी आणि ती एकाच ठिकाणी, हे चांगलं. पण अटी वाढवत नेल्या. खूण हवी, मॅगझिनची कळ हवी, आणि २०१३ पासून गोळीच्या टरफलावर पिस्तुलाची सूक्ष्म मोहर उमटायला हवी. असं पिस्तूल बाजारात कुणी आणलंच नाही, त्यामुळे पुढची दहा वर्षं यादीत नवं पिस्तूल जवळजवळ गेलंच नाही. जुनी होती तीच विकत राहिली, ज्यांतल्या बहुतेकांत या सोयी नव्हत्या. सुरक्षिततेच्या नावाखाली जुनंच विका, असा तो प्रकार झाला. २०२३ मध्ये तिथल्या एका फेडरल न्यायाधीशानं हे नेमकं बोट ठेवून दाखवलं, आणि मोहरेची अट सरकारनं पुढे रेटली नाही.

मॅसॅच्युसेट्समध्येही पाणी हलतंय. २०२२ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या ब्रुएन निकालानंतर परवान्यासाठी "योग्य कारण" मागणं बंद झालं. मॉरा हीली आता गव्हर्नर आहेत. जुलै २०२४ मध्ये त्यांनी बंदूक कायद्याची मोठी दुरुस्ती सही करून लागू केली. कलमांचे आकडे बदलले, नोंदणी कडक झाली, प्रशिक्षणात प्रत्यक्ष गोळ्या झाडणं आलं. विरोधकांनी सह्या गोळा केल्या आणि तो प्रश्न नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेकडे गेला. तेव्हा इथलं काही वाचून कुणी खरेदीला निघालं असेल तर त्या दिवशीचा नियम दुकानात विचारावा. दोन दुकानांत विचारावा.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण दर गणेशोत्सवात मंडळात कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्यानंच बंदूक बाळगता येत नाही. राज्य कुठलंही असो. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, पण तो वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेतलं तरी त्या कलमात सापडू शकता, आणि मग ग्रीन कार्डाच्या अर्जाला ते चिकटतं. ग्रीन कार्ड झालं की गोष्ट वेगळी. मॅसॅच्युसेट्स पूर्वी ग्रीन कार्डवाल्यांनाही हँडगनचा परवाना नाकारत असे, २०१२ मध्ये फेडरल कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं.

म्हणूनच त्या दिवशी दुकानदारानं ग्लॉक काउंटरवर ठेवलं आणि मेव्हण्यानं हात पुढे केला, तेव्हा त्यानं नम्रपणे विचारलं, "सर, तुम्ही कुठून आलात?" मी सांगितलं, भारतातून, पर्यटक व्हिसावर. त्यानं पिस्तूल उचलून माझ्या बाजूला सरकवलं. मेव्हणा हात पाठीमागे बांधून उभा राहिला, राणीच्या बागेतल्या वाघाच्या पिंजऱ्यापुढे पोरं उभी राहतात तसा.

"दाजी," गाडीत बसल्यावर म्हणाला, "आमच्याकडे बरं आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा करा, संपली की घेऊन या. एवढंच कळायचं."

पुढच्या शनिवारी आम्हाला एडिसनला बारशाला जायचं होतं. वाटेत कनेटिकट, न्यूयॉर्क, मग न्यू जर्सी. माझा परवाना या तिन्ही राज्यांत चालत नाही. पिस्तूल गोळ्या काढून, कुलूपबंद पेटीत, डिकीत ठेवून फक्त पार जाता येतं. तेही मुक्कामाच्या ठिकाणी ते बाळगणं कायदेशीर असेल तरच. आमचा मुक्काम न्यू जर्सीतच होता. मी निघण्यापूर्वी तळघरात जाऊन पेटीचं कुलूप एकदा ओढून पाहिलं. वर आलो तर मेव्हणा डिकीत चिवड्याचे डबे लावत होता.